खुर्ची एकाची, कारभार कोणाचा? नेता आणि उपनेता यांच्यातील सत्तेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्ता खरी कोणाकडे असते, नेत्याकडे की उपनेत्याकडे?

बहुतेक ठिकाणी आणि बहुतेक काळ नेत्याकडेच. ‘खरा बोलविता धनी दुसराच आहे’ ही कुजबुज जवळपास प्रत्येक सरकारबद्दल होते. ऐकायला ती खमंग वाटते, पण तपासायला गेलो तर बऱ्याचदा हाताला फारसे काही लागत नाही.

अडचण अशी की दोघांचे जमते तोवर सत्ता कोणाची हे बाहेरून कळतच नाही. दोघे एकच बोलतात, एकाच व्यासपीठावर बसतात. खरा उलगडा मतभेद झाल्यावर होतो. तेव्हा तीन गोष्टी पाहायच्या: शेवटी कोणाचा शब्द राहिला, दोघांपैकी कोण कोणाला घरी बसवू शकतो, आणि तसे केल्यावर कोणाचे जास्त मोडते. तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि उत्तर बहुधा तिथेच दडलेले असते.

‘उप’ लागलेले पद घटनेत असते का? त्यावरून काही कळते का?

देशोदेशी वेगळे आहे. उपनेता पदावर कसा आला हे आधी पाहावे, कारण तो कसा जाईल हे त्यावरून ठरते.

अमेरिकेचा उपाध्यक्ष मतदारांनी अध्यक्षाबरोबरच निवडलेला असतो, त्यामुळे अध्यक्ष त्याला बडतर्फ करू शकत नाही. काम काढून घेऊ शकतो, बैठकांना बोलावणे बंद करू शकतो, पुढच्या निवडणुकीत सोबत न घेण्याचे ठरवू शकतो, बस. केनियातही २०१० च्या घटनेप्रमाणे उपाध्यक्ष अध्यक्षाचा जोडीदार म्हणूनच निवडून येतो. म्हणून २०२४ मध्ये रिगाथी गाचागुआ यांचे अध्यक्ष विल्यम रुटो यांच्याशी फाटले, तेव्हा त्यांना हटवायला संसदेच्या दोन्ही सभागृहांत महाभियोग चालवावा लागला.

भारतात उलटे आहे. उपपंतप्रधान किंवा उपमुख्यमंत्री हे शब्द राज्यघटनेत कुठेच नाहीत. १९८९ मध्ये देवीलाल यांनी ‘उपपंतप्रधान’ म्हणून शपथ घेतली, ती सर्वोच्च न्यायालयात आव्हानित झाली. न्यायालयाने शपथ वैध ठरवली, पण हे केवळ वर्णन आहे आणि कायद्याच्या नजरेत ते इतर मंत्र्यांसारखे एक मंत्रीच आहेत, असे सांगून. तेव्हा उपमुख्यमंत्र्याला पदामुळे म्हणून एकही जादा अधिकार मिळत नाही. मिळतो तो खात्यामुळे आणि पाठीशी असलेल्या आमदारांमुळे.

ब्रिटनमध्ये हे पद कधी असते, कधी नसते, पंतप्रधानाची मर्जी. जर्मनीत घटनेच्या ६९ व्या कलमानुसार चॅन्सेलरला एका मंत्र्याला उपपद द्यावेच लागते, मात्र धोरणाची दिशा ठरवण्याचा अधिकार ६५ व्या कलमाने चॅन्सेलरकडेच ठेवलेला आहे.

नेता उपनेत्याला काढू शकत असेल तर प्रश्न मिटलाच ना?

मिटत नाही. काढण्याचा अधिकार कागदावर असणे आणि काढून टिकून राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

१९६९ चा जुलै महिना पाहा. मोरारजी देसाई उपपंतप्रधान होते आणि अर्थखातेही त्यांच्याकडे होते. १६ जुलैला इंदिरा गांधींनी त्यांच्याकडून अर्थखाते काढून घेतले. उपपंतप्रधानपद ठेवायची तयारी होती, पण खात्याविना ते पद म्हणजे नुसती पाटी हे मोरारजींना नेमके ठाऊक होते. त्यांनी राजीनामा दिला. १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्या वर्षअखेर काँग्रेस फुटली, तरी सरकार टिकले. उपनेता गेला, किंमत मोजावी लागली, पण नेता मोजू शकला.

देवीलाल यांचे प्रकरण याच्या नेमके उलट बाजूचे. विश्वनाथ प्रताप सिंग यांनी त्यांना १ ऑगस्ट १९९० रोजी मंत्रिमंडळातून वगळले. नोव्हेंबरमध्ये सरकार पडले (भाजपने पाठिंबा काढला हे मुख्य कारण, तो वेगळा विषय) आणि चंद्रशेखर यांच्या सरकारात देवीलाल पुन्हा उपपंतप्रधान झाले. माणूस तोच, पद तेच, पंतप्रधान तेवढे बदललेले.

सर्वांत टोकाचे उदाहरण झिंबाब्वेचे. रॉबर्ट मुगाबे यांनी ६ नोव्हेंबर २०१७ रोजी उपाध्यक्ष एमर्सन म्नान्गाग्वा यांना बडतर्फ केले. अधिकार पूर्णपणे त्यांचाच होता. पण लष्कराचे वरिष्ठ अधिकारी म्नान्गाग्वांच्या बाजूचे निघाले. १५ तारखेला लष्कराने राजधानीचा ताबा घेतला, २१ ला मुगाबे पायउतार झाले आणि २४ ला बडतर्फ उपाध्यक्षाने अध्यक्षपदाची शपथ घेतली. अठरा दिवसांत बडतर्फीचा हुकूम काढणाऱ्यावरच उलटला.

कोणते खाते हातात असले की उपनेता खरोखर वजनदार होतो?

गृह, अर्थ आणि नेमणुका-बदल्या. बाकीच्यांचा क्रम यांच्या नंतर.

गृहखात्यामुळे पोलीस हाताशी येतात आणि रोजची गुप्त माहिती कानावर येते. अर्थखात्याची ताकद वेगळ्या तऱ्हेची असते: खर्चाचा बोजा पडणारा प्रस्ताव कोणत्याही विभागाचा असो, वित्त विभागाच्या अभिप्रायासाठी त्याला तिथे थांबावे लागते. तिथे ‘नाही’ म्हणायचीही गरज नसते. ‘तरतूद तपासून फेरसादर करावे’ एवढा शेरा पुरतो आणि प्रस्ताव पुढच्या अर्थसंकल्पापर्यंत रेंगाळतो. प्रत्येक आमदाराच्या मतदारसंघातला रस्ता या टेबलावरून जातो, म्हणून स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्या पक्षांच्या आमदारांचीही अर्थमंत्र्याच्या दालनात ये-जा असते.

नेमणुकांचे खाते मात्र बहुतेक नेते स्वतःकडेच ठेवतात. मुख्यमंत्री सामान्य प्रशासन विभाग सहसा सोडत नाहीत, कारण वरिष्ठ सनदी अधिकाऱ्यांच्या बदल्यांची सूत्रे तिथून हलतात. अधिकारी कोणाकडे पाहून काम करतात, हे अखेर बदलीची यादी कोण करतो यावर ठरते.

वल्लभभाई पटेल उपपंतप्रधान असताना गृह, संस्थाने आणि माहिती-प्रसारण ही तिन्ही खाती त्यांच्याकडे होती, शिवाय पक्षसंघटनेवर पकड होती. महाराष्ट्रात २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले, तेव्हा माजी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले आणि खातेवाटपात गृह व अर्थ दोन्ही त्यांच्याकडे गेली. असे वाटप दिसले की एवढे नक्की म्हणता येते: रोजच्या कारभाराचा मोठा भाग उपनेत्याच्या टेबलावरून जाणार. अंतिम शब्दही त्याचाच, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही.

फाइल आधी उपमुख्यमंत्र्यांकडे आणि मग मुख्यमंत्र्यांकडे जात असेल, तर खरा निर्णय उपमुख्यमंत्र्यांचा ना?

हा गोंधळ फार होतो. आघाडी सरकारांत अशी वाट ठरवून दिलेली असते. फाइल जो शेवटी पाहतो, निर्णय त्याचा. जो आधी पाहतो, त्याच्या हाती तिला वळण देणे आणि रोखून धरणे असते. उपमुख्यमंत्र्यांनी ‘मान्यतेस हरकत नाही’ लिहिले आणि मुख्यमंत्र्यांनी ‘चर्चा करावी’ लिहिले, तर फाइल चर्चेतच राहते. याउलट उपमुख्यमंत्र्यांनी तीन आठवडे फाइल पुढे पाठवलीच नाही, तर मुख्यमंत्र्यांना ती मागवून घ्यावी लागते. तसा अधिकार त्यांना असतो, पण प्रत्येक वेळी फाइल मागवणे म्हणजे प्रत्येक वेळी भांडण उकरणे.

तेव्हा अशा वाटेवरून नकाराधिकार किती हे कळते, होकाराधिकार किती हे कळत नाही.

मेदवेदेव अध्यक्ष आणि पुतिन पंतप्रधान होते तेव्हा सत्ता कोणाकडे होती?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि ‘पुतिन, अर्थातच’ हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे.

रशियाच्या घटनेनुसार तेव्हा सलग दोनच कार्यकाळ अध्यक्ष राहता येत असे. ७ मे २००८ रोजी दिमित्री मेदवेदेव अध्यक्ष झाले, दुसऱ्याच दिवशी व्लादिमिर पुतिन पंतप्रधान. कागदावर अध्यक्ष वरचा: परराष्ट्र धोरण, सैन्य त्याच्याकडे, आणि पंतप्रधानाच्या सरकारला बरखास्त करण्याचा अधिकारही त्याच्याकडे. पण पुतिन ‘युनायटेड रशिया’ पक्षाचे अध्यक्ष होते आणि त्या पक्षाचे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात ४५० पैकी ३१५ सदस्य होते. मेदवेदेव यांनी बरखास्तीचा कागद काढला असता, तर नवा पंतप्रधान मंजूर कोणाकडून करून घेतला असता?

तरीही मेदवेदेव नुसते सहीचे धनी नव्हते. मॉस्कोचे बलाढ्य महापौर युरी लुझकोव्ह यांना सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी काढले. मार्च २०११ मध्ये लिबियात लष्करी कारवाईला परवानगी देणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा रशियाने नकाराधिकार वापरला नाही, तटस्थ राहिला. पुतिन यांनी त्या ठरावावर जाहीर टीका केली आणि मेदवेदेव यांनी त्याच दिवशी तशी भाषा चालणार नाही असे सुनावले. ठराव जागच्या जागी राहिला. म्हणजे या मतभेदात अध्यक्षाचाच शब्द टिकला.

मग पुतिन यांची सत्ता कुठे दिसली? सर्वांत मोठ्या प्रश्नावर: पुढचा अध्यक्ष कोण? २००८ च्या अखेरीस अध्यक्षाचा कार्यकाळ चारवरून सहा वर्षांचा करण्यात आला, पण तो पुढच्या अध्यक्षापासून. मेदवेदेव यांनी स्वतः त्यावर सही केली. २४ सप्टेंबर २०११ च्या पक्ष अधिवेशनात दोघांनी खुर्च्यांची अदलाबदल जाहीर केली. लहान-मध्यम प्रश्नांवर अध्यक्षाला मोकळीक, खुर्चीच्या प्रश्नावर नाही, अशी ती रचना होती. अशा जोडीबद्दल मत बनवताना प्रश्न सुटा धरावा लागतो. एकच ठोक उत्तर दिले की निम्मे चुकते.

डिक चेनी हे बुश यांच्या काळात खरे अध्यक्ष होते का?

पहिल्या कार्यकाळात त्यांचा प्रभाव अमेरिकेच्या कोणत्याही उपाध्यक्षापेक्षा बहुधा जास्त होता. त्यामागे जादू नव्हती, मांडणी होती. २००० च्या निवडणुकीनंतर सत्ताग्रहणाच्या तयारीचे काम त्यांच्याकडे होते, त्यामुळे महत्त्वाच्या जागांवर कोण बसणार यात त्यांचा हात राहिला. त्यांचे कार्यालयप्रमुख लुईस लिबी यांना त्याच वेळी अध्यक्षाचे सहायक हेही पद होते, म्हणजे अध्यक्षाच्या कार्यालयातले कागद आणि बैठका उपाध्यक्षाच्या माणसाला खुल्या होत्या. राजकारणात हुद्द्यापेक्षा बैठकीचे निमंत्रण कधीकधी मोलाचे ठरते ते असे.

दुसऱ्या कार्यकाळात चित्र पालटले. नोव्हेंबर २००६ मध्ये बुश यांनी चेनींचे जुने साथीदार, संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना चेनींचा विरोध असताना घालवले. २००७ मध्ये सीरियातली अणुभट्टी अमेरिकेने उडवावी असा आग्रह चेनींनी बैठकीत धरला. बुश यांनी आणखी कोणाचे तसे मत आहे का असे विचारले आणि एकही हात वर झाला नाही. लिबी यांना शिक्षा झाली तेव्हा बुश यांनी तुरुंगवास माफ केला, पण चेनींनी वारंवार सांगूनही पूर्ण माफी दिली नाही. तीन ठळक मतभेद, तिन्ही वेळा अध्यक्षाचा शब्द. चेनींची ताकद खरी होती, पण ती उसनी होती आणि देणाऱ्याने हळूहळू परत घेतली.

उपनेत्याला सगळी माहिती असतेच ना?

नाही. हॅरी ट्रुमन जानेवारी १९४५ मध्ये उपाध्यक्ष झाले आणि १२ एप्रिलला रूझवेल्ट वारल्यावर अध्यक्ष. अणुबाँबच्या प्रकल्पाची पूर्ण माहिती त्यांना २५ एप्रिलला मिळाली, म्हणजे अध्यक्ष होऊन तेरा दिवसांनी. उपाध्यक्ष असतानाच्या ८२ दिवसांत कोणाला त्यांना सांगावेसे वाटले नव्हते.

नेता आजारी पडला तर सत्ता आपोआप उपनेत्याकडे येते का?

आपोआप जवळपास कुठेच येत नाही. कोणीतरी कागद काढावा लागतो. २ ऑक्टोबर १९१९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना पक्षाघाताचा झटका आला. उपाध्यक्ष थॉमस मार्शल जागेवर होते, पण पुढे व्हायला ना स्पष्ट नियम होता ना त्यांची इच्छा. अध्यक्षांपर्यंत कोणता कागद जायचा आणि कोणता नाही, हे त्यांच्या पत्नी एडिथ विल्सन ठरवू लागल्या. सत्ता ना नेत्याकडे राहिली ना उपनेत्याकडे गेली. ती खोलीच्या दारापाशी अडकली.

ही फट १९६७ च्या २५ व्या घटनादुरुस्तीने बुजवली. तिच्या तिसऱ्या भागाप्रमाणे अध्यक्ष स्वतः पत्र देऊन अधिकार सोपवतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये बायडेन यांना तपासणीसाठी भूल दिली गेली, तेव्हा कमला हॅरिस यांच्याकडे अधिकार होते ते ८५ मिनिटे. चौथा भाग अवघड आहे: उपाध्यक्ष आणि मंत्रिमंडळातले बहुमत मिळून अध्यक्षाला असमर्थ ठरवू शकतात, पण अध्यक्षाने हरकत घेऊन ती टिकवून धरली तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मते लागतात. तो आजवर वापरला गेलेला नाही. भारतात पंतप्रधान किंवा मुख्यमंत्र्यांसाठी अशी तरतूदच नाही. रजेच्या काळात कामे कोणाकडे हे ते स्वतः ठरवतात, आणि उपमुख्यमंत्र्याचाच त्यावर हक्क असे काही नाही.

उपनेत्याने नेत्याला बाजूला सारून खरोखर सत्ता मिळवली, अशी उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि सर्वांत शिकण्यासारखे चीनचे. १९७६ मध्ये माओ वारल्यावर हुआ ग्वोफेंग यांच्याकडे पक्षाचे अध्यक्षपद, पंतप्रधानपद आणि लष्करी आयोगाचे अध्यक्षपद अशी तिन्ही पदे होती. यापेक्षा भक्कम कागद कोणाचा असणार? डेंग श्याओफिंग १९७७ मध्ये परत आले ते उपपदांवर: पक्षाचे उपाध्यक्ष, उपपंतप्रधान, शिवाय सैन्याचे प्रमुख अधिकारी.

डेंग यांनी हुआंच्या खुर्चीला हात लावला नाही, खालच्या खुर्च्या भरल्या. त्यांच्या विश्वासातले हू याओबांग १९७७ च्या अखेरीस पक्षाच्या संघटन विभागाचे प्रमुख झाले. हा विभाग नेमणुका पाहतो. सांस्कृतिक क्रांतीत हटवलेल्या जुन्या कार्यकर्त्यांना निर्दोष ठरवून त्यांनी मोठ्या संख्येने परत आणले, आणि परत आलेला प्रत्येक जण कोणामुळे परत आला हे जाणून होता. पक्षाच्या केंद्रीय समितीच्या डिसेंबर १९७८ च्या बैठकीपर्यंत पारडे फिरले होते. १९८० मध्ये हुआंचे पंतप्रधानपद गेले, १९८१ मध्ये पक्षाचे अध्यक्षपद.

डेंग यांनी मग सर्वोच्च पद घेतलेच नाही. ठेवले ते लष्करी आयोग. पक्षप्रमुख हू याओबांग १९८७ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी आलेले झाओ झियांग १९८९ मध्ये; दोघांनाही घालवणारा माणूस कागदावर त्यांच्या वर नव्हता.

मराठी वाचकाला ही तऱ्हा नवी नाही. १७४९ मध्ये शाहू महाराज गेल्यावर, १७५० च्या सांगोला करारानंतर कारभार पुण्यात आला. पण पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागत. १७८४ मध्ये तर आणखी गंमत झाली: बादशहा शाह आलम याने वकील-इ-मुतलक, म्हणजे आपला सर्वाधिकारी प्रतिनिधी, हे पद पेशव्याला दिले आणि महादजी शिंदे त्यात पेशव्याचे नायब झाले. दिल्लीचा कारभार पाहत होता तो उपनेत्याचा उपनेता.

नुसती घोषणा करून सत्ता घेता येते का?

१९ ऑगस्ट १९९१ रोजी सोव्हिएत उपाध्यक्ष गेन्नादी यानायेव यांनी अध्यक्ष गोर्बाचेव्ह आजारी असल्याचे सांगून अधिकार हाती घेतल्याचे जाहीर केले. संरक्षणमंत्री आणि केजीबी या गुप्तहेर संस्थेचे प्रमुख त्यांच्या बाजूला होते. पण पत्रकार परिषदेत कॅमेऱ्यांसमोर यानायेव यांचे हात थरथरत होते आणि ते देशभर दिसले. रस्त्यावर उतरलेल्या तुकड्यांनी हल्ला केला नाही, तिसऱ्या दिवशी बंड कोसळले.

नेत्याने वारसदार म्हणून जाहीर केलेल्या उपनेत्याची ताकद वाढते ना?

काही काळ. पण त्याचे प्रत्येक वाक्य ‘उद्याचा नेता काय करेल’ म्हणून वाचले जाऊ लागते, आणि आजच्या नेत्याला ते खुपते. इराणमध्ये आयातुल्ला मोंताझेरी १९८५ मध्ये खोमेनींचे वारस ठरले. १९८८ मध्ये कैद्यांना देण्यात आलेल्या सामूहिक फाशीला त्यांनी विरोध केला आणि मार्च १९८९ मध्ये त्यांना वारसपदावरून हटवले गेले. जूनमध्ये खोमेनी वारले. तीन महिन्यांचा फरक.

दोन-दोन उपनेते कशासाठी नेमतात?

एकाचा काटा दुसऱ्याने काढता यावा म्हणून, किंवा जास्त गटांचे समाधान व्हावे म्हणून. जानेवारी १९७९ मध्ये मोरारजी देसाईंनी चरणसिंग आणि जगजीवनराम या दोघांनाही उपपंतप्रधान केले. आंध्र प्रदेशात २०१९ मध्ये पाच उपमुख्यमंत्री होते. संख्या वाढली की मानाचे वाटप झाले असे समजावे, सत्तेचे नव्हे.

बातम्यांवरून हे तपासायचे कसे? कुठे फसायला होते?

एक वही करा. ज्या निर्णयावर दोघांची जाहीर भूमिका वेगळी होती तेवढेच नोंदवा: तारीख, दोघे काय म्हणाले, शेवटी झाले काय. वर्षभरात अशा पाच-सहा नोंदीही पुरतात. त्याच्या शेजारी तीन याद्या ठेवा: मोठ्या बदल्या, अर्थसंकल्पात कोणाच्या खात्याला आणि कोणाच्या आमदारांच्या भागाला निधी गेला, आणि निवडणुकीत तिकिटे कोणाच्या माणसांना मिळाली. तिकीटवाटपाला सर्वांत जास्त वजन द्या; तिथे तोंडदेखले काही चालत नाही.

फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. कोण मधल्या खुर्चीवर बसले, जाहिरातीत कोणाचा फोटो मोठा, यातून रुसवेफुगवे कळतात, सत्ता नाही. ‘सूत्रांनी सांगितले’ अशा बातमीत उपनेता फारच प्रबळ दिसत असेल, तर सूत्र बहुधा त्याच्याच दालनातले असते. आणि कठोर निर्णयांचे धनीपण उपनेत्याकडे जाते तेव्हा जरा थांबावे. वाईटपणा उपनेत्याच्या माथी मारून स्वतः गोड राहणे हा नेत्यांचा जुना डाव आहे. अशा वेळी लोक ज्याला सर्वशक्तिमान समजतात तो निरोप्या असतो.

दोघांत सत्ता खरोखर निम्मी-निम्मी असू शकते का?

निम्मी क्वचितच, पण बांधून घेतलेली असू शकते. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये डेव्हिड कॅमेरून पंतप्रधान आणि आघाडीतल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे निक क्लेग उपपंतप्रधान झाले. मोठे निर्णय चौघांच्या बैठकीत होत: कॅमेरून, अर्थमंत्री ऑस्बोर्न, क्लेग आणि त्यांचेच डॅनी अलेक्झांडर. दोन पक्ष, दोन-दोन माणसे. शिवाय २०११ मध्ये मुदतीचा कायदा झाला (२०२२ मध्ये तो रद्द झाला): संसद पाच वर्षांची, आधी विसर्जित करायची तर दोन तृतीयांश सदस्यांची संमती किंवा सरकारवर अविश्वास. सोयीची वेळ साधून निवडणूक लावण्याचे, म्हणजे धाकट्या जोडीदाराला टांगणीला ठेवण्याचे, पंतप्रधानाचे हत्यार त्यामुळे काढून घेतले गेले. कोणत्याही उपनेत्याने पदरात पाडून घेतलेल्या कलमांत हे सर्वांत अक्कलहुशारीचे.

पाच वर्षे आघाडी टिकलीही. पण विद्यापीठांच्या शुल्कवाढीला विरोध करण्याचे वचन देऊन आलेल्या क्लेग यांना सरकारात बसून ती वाढ मंजूर करावी लागली होती. २०१५ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या जागा ५७ वरून ८ वर आल्या, आणि कॅमेरून यांना एकट्याच्या बळावर बहुमत मिळाले.